ओळखीची खूण : काही नाही

अण्णा, आमच्या मोठ्या साहेबांनी मला दोन पानं लिहून मागितली आहेत. या महिनाअखेरीला मी निवृत्त होते आहे, आणि निरोपाच्या दिवशी वाटायला म्हणून पोलीस ठाण्यातल्या मंडळींनी एक छोटी पुस्तिका काढायचं ठरवलंय. तीत माझ्या नोकरीतले अभिमानाचे क्षण. साहेब म्हणाले, "मॅडम, पाचसहा प्रसंग टाका. आणि ते फॉर्मचं उदाहरण विसरू नका. तुमचं ते लेक्चर ऐकून नव्या भरतीतल्या पोरी डोळे पुसतात हो." मी बरं म्हणाले. त्याला चार दिवस झाले आणि कागद कोरा आहे. आज माझी सुट्टी. जेवण झालं, भांडी घासून पालथी घातली, ओटा पुसला, पुसलेला ओटा परत पुसला, आणि मग बसले तर पेन साहेबांच्या पानाकडे जाईना. ते आधी तुमच्याकडे आलं. बरोबरच आहे. फॉर्मचं ते उदाहरण तुमचं आहे, आणि चौदा वर्षं मी ते खोटं सांगत आले आहे.

शेवटी शेवटी तुम्हाला काय आठवायचं आणि काय नाही याचा नेम नव्हता, पण मला घाटकोपरच्या पोलीस लाइनीतलं आपलं स्वयंपाकघर अजून जसंच्या तसं दिसतं. स्वयंपाकघर कसलं, खोलीचा पडद्यामागचा भाग. तुम्ही ड्युटीवरून येता, पट्टा खिळ्याला अडकवता आणि पाटावर बसून बशीतून चहा पिता. हवालदार तुम्ही, आणि ठाण्यातलं मिसिंगचं टेबल तुमच्याकडे. हरवलेल्या माणसांचं एक रजिस्टर, बेवारस मयतांचं दुसरं, दोन्ही एकाच कपाटात. कोणालाही नको असलेलं काम. ना त्यात वट, ना पेपरात नाव. ज्याचं साहेबांशी पटत नाही त्याच्या गळ्यात ते पडायचं. तुमच्या गळ्यात पडलं ते कायमचंच, कारण तुम्हाला ते आवडायला लागलं. शेजारच्या काकू वाटीभर रवा मागून गेल्या की तुम्ही मला विचारता, "कोण आलं होतं गो?" "काकू." "दिसतात कशा?" "गोऱ्या. जाड. हिरवी साडी." "अशा घाटकोपरात ढीगभर बायका आहेत. एक गोष्ट सांग, जी फक्त त्यांचीच." मी डोळे मिटून आठवते. "डाव्या कानाची पाळी तुटलीय." "हां. आता गावल्या." लाइनीतल्या बाकीच्या मुली सागरगोटे खेळत होत्या तेव्हा मी हे खेळत होते.

एकदा तुम्ही एका म्हाताऱ्याला त्याच्या चपलेवरून शोधलंत. त्याच्या बायकोला खोदून खोदून विचारल्यावर तिला आठवलं होतं की त्याची डावी चप्पल आतल्या बाजूने झिजते. चार दिवस तुम्ही देवळांबाहेरच्या चपला बघत फिरलात आणि ठाण्यात सगळे तुमची टर उडवत होते. म्हातारा एका देवळाच्या मागे प्रसादावर राहिलेला निघाला. त्या दिवशी तुम्ही दोनदा भात घेतलात आणि आईला म्हणालात, "आज एक गावलो गो." तुमच्या नोकरीतल्या अभिमानाच्या क्षणांचं कोणी दोन पानी लिखाण मागितलं असतं तर तुम्ही तेवढंच एक वाक्य लिहिलं असतंत. आणि जे कोणाचेच निघत नसत त्यांना जाळायच्या आधी तुम्ही तोंडात चमचाभर पाणी घालायचात आणि पुटपुटायचात, "ज्याचो कोण असशीत, तेच्या नावान घे." त्या दिवशी घरी येऊन आधी अंघोळ, मग चहा. मला शाळेत त्याची लाज वाटायची. माझे वडील पोलीस आहेत एवढंच मी सांगायची, पुढचं गाळायची.

आता त्या हाताचं सांगते. तुमची सुट्टी असली की बांगडे तुम्ही तळायचात आणि आईला त्या दिवशी स्टोव्हपाशी यायची बंदी असायची. मी सहा वर्षांची. कढईत तेल तापलेलं, आणि मला पहिला बांगडा हवा म्हणून मी टाचा उंच करून कढईची कड ओढली. ती कलली. तेल माझ्या तोंडावर यायचं ते तुम्ही मधे हात घातलात म्हणून तुमच्या उजव्या हातावर गेलं, कोपरापासून मनगटापर्यंत. तुम्ही ओरडला नाहीत, आई ओरडली. तुम्ही मला म्हणालात, "तुला लागलं नाही ना गो?" आणि मग नळाखाली हात धरून उभे राहिलात. जखम भरली तेव्हा डाग उरला तो लांबट, अरुंद, एका कडेने दातेरी. मी किती तरी दिवस त्याच्याकडे बघायचं टाळलं. मग एक दिवस तुम्ही बाही वर सारलीत, हात खाली सोडलात आणि म्हणालात, "हे बघ, आपला कोकण. वर कोपराकडे रत्नागिरी, खाली मनगटाकडे वेंगुर्ला, ही समुद्राची बाजू. आणि हा तीळ दिसतोय ना, ते आपलं गाव." शाळेत नकाशा काढायला आला तेव्हा मी तुमचा हात आठवून किनारा काढला आणि बाईंनी बरोबरची खूण केली. पुढे पुढे मला त्यात डाग दिसेनासा झाला. तो फक्त तुमचा हात होता.

मी भरती झाले तेव्हा तुम्ही अजून नोकरीत होतात. वर्दीतल्या मला बघून आई रडली, तुम्ही फक्त बुटांकडे बघून म्हणालात, "नाड्या आत खोच." माझी पहिली नेमणूक अंधेरीच्या बाजूला. एका संध्याकाळी जेवताना मी मोठ्या ऐटीत सांगितलं की आज मीही एक मिसिंग लिहून घेतली, एक म्हातारी, सुनेशी भांडून गेली. "खूण काय लिहिलीस?" "काही नाही म्हणाले घरचे." तुमचा घास हातातच राहिला. मला तुमचा तो आवाज आयुष्यात दोनदाच ऐकू आला असेल. "काही नाही असं माणूस नसतं. घरच्यांना दिसत नाही, कारण ते रोज बघतात. आपण विचारायचं. मग परत विचारायचं. मग तिसऱ्यांदा. शिव्या देतील, त्या खायच्या. तू पोलीस आहेस की पोस्टातली बाई, सांगतील ते लिहून घ्यायला?" दुसऱ्या दिवशी मी त्या सुनेकडे गेले. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती चिडून म्हणाली, "अहो त्यांचं डाव्या पायाचं एक बोट आखूड आहे, त्याचं काय करताय?" त्या बोटावरून म्हातारी बोरिवलीच्या एका दवाखान्यात सापडली. ती माझी पहिली. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही "बरां" म्हणालात आणि उठून मला एक बांगडा जास्त वाढलात. पुस्तिकेत हा प्रसंग पहिला घालायचा असं मी ठरवलंय, तेवढं खरं आहे सगळं.

मी खात्याची परीक्षा देऊन फौजदार झाले तेव्हा तुम्ही निवृत्त होऊन मुलुंडला माझ्याकडे राहायला आला होतात. तुम्ही पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या ठाण्यात आलात. मी कामात उभी होते म्हणून तुम्हीही भिंतीशी उभे राहिलात, हात मागे बांधून. "अण्णा, बसा ना," मी म्हणाले. तुम्ही म्हणालात, "साहेब उभे असताना बसायची सवय नाही." सगळे हसले. मला मात्र संकोच वाटला आणि मी तुम्हाला जरा झटक्यानेच म्हणाले, "बास आता, मला लाजवू नका." तुम्ही लगेच खुर्चीच्या कडेवर बसलात. पेढे वाटून घरी गेलात आणि आईला सांगितलंत म्हणे, की चेडू, म्हणजे आपली पोरगी, खुर्चीत बसता तेव्हा ठाणा कसा भरल्यासारखा वाटता. ते मला आईने खूप नंतर सांगितलं, तुम्ही नसताना.

मग तुम्ही विसरायला लागलात. आधी चष्मा, मग वार, मग आम्ही. कधी मला आई समजायचात, कधी साहेब. मधेच उठून पट्टा शोधायचात, ड्युटीला उशीर झाला म्हणून. आणि दिवसातून दहादा, "माका गावाक जावचा आसा." आई म्हणायची, जाऊया हां, गणपती झाले की जाऊया. अनंत चतुर्दशीला मी मढच्या बाजूला विसर्जनाच्या बंदोबस्तात होते. दुपारी चारला आईचा फोन. "अगे, अण्णा खाली गेले ते अजून आले नाहीत." माझ्या समोर समुद्रात गणपती चाललेले, बेंजो वाजतोय, दोन मंडळांत पुढे कोण यावरून जुंपलेली. मी म्हणाले, "येतील गं आई, बागेत बसले असतील. शेजारच्यांना बघायला सांग." मी तिला फार तर अर्धं मिनिट दिलं असेल. मी सुटले दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तशीच वर्दीत मुलुंडच्या ठाण्यात मिसिंग द्यायला गेले.

टेबलामागे एक हवालदार होते. पन्नाशीचे, चष्म्याला दोरी बांधलेली, तुमच्यासारखेच सावकाश. मला बघून उभे राहिले. "मॅडम, तुम्ही सांगा, मी लिहितो." मी बसलेसुद्धा नाही. रात्रभर पायांवर होते, बुटांत मढची वाळू होती, आणि बसले तर रडू फुटेल अशी भीती होती. म्हणून उभ्यानेच, पंचनामा सांगावा तसं मी तुमचं वर्णन सांगायला लागले. वय त्र्याहत्तर. उंची पाच फूट पाच. रंग सावळा, बांधा सडपातळ, चेहरा उभट, केस पांढरे, दाढी केलेली. अंगात पांढरा सदरा, करडी पँट. ते लिहीत गेले. मग म्हणाले, "ओळखीची खूण?" "काही नाही." त्यांनी पेन उचललं पण टेकवलं नाही. "मॅडम, जरा आठवा. हातापायाला, पाठीला, जुनं काही लागलेलं?" "काही नाही म्हटलं ना." "घाई नाही मॅडम. पाणी घ्या आधी. एखादा डागबिग?" डाग म्हणाले ते, अण्णा. शब्द त्यांनी माझ्या हातात ठेवला होता. आणि मी त्यांच्यावर ओरडले. "मला शिकवताय का? माझे वडील आहेत, मला माहीत नाही का? काही नाही. लिहा." त्यांनी लिहिलं. फॉर्म माझ्याकडे वळवला, मी सही केली.

मला खरंच आठवलं नाही. डोळ्यांपुढे तुमचा चेहरा होता, खोकला होता, पायऱ्या चढताना कठड्यावर टेकलेली बोटं होती. पण तो हात म्हणजे माझ्या लेखी खूण नव्हतीच. घरच्यांना दिसत नाही असं तुम्हीच सांगितलं होतंत, आणि त्या टेबलापुढे मी घरचीच होते. हे मला वर्दीमुळे कळलं नाही. की ते तिसऱ्यांदा विचारत होते ते अगदी तुमच्या सुरात, आणि तो सूर त्या सकाळी मला सोसवला नाही? मला सांगता येत नाही.

चार दिवस मी दवाखाने पालथे घातले. मुलुंड, घाटकोपर, थेट देवनारपर्यंत. तेव्हा आजच्यासारखे फोनवर फोटो फिरत नव्हते, वायरलेसवर वर्णन जायचं आणि जो तो आपल्या रजिस्टरशी ताडून बघायचा. मग मला वाटलं, गावाला जायचं म्हणत होतात, कोणी एसटीत बसवून दिलं असेल. पाचव्या दिवशी मी कुर्ल्याहून गावची एसटी धरली. खिडकीत बसले होते. गाडी मानखुर्दवरून पुढे गेली तेव्हा मी तुमचा फोटो पाकिटातून काढून बघत होते, बाहेर बघत नव्हते. तुम्ही बाहेर होतात, अण्णा. त्याच रस्त्याच्या कडेला, एका चहाच्या टपरीशी. हे मला पस्तिसाव्या दिवशी कळलं. गावाहून मी हात हलवत परत आले आणि मग शेवटी तुमचं दुसरं वाक्य आठवलं, की दुसऱ्याच्या रजिस्टरवर भरवसा ठेवू नये, स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. म्हणून मी एकेका ठाण्यात जाऊन बेवारस मयतांची पानं उलटायला लागले. मानखुर्दकडच्या एका ठाण्यात ते पान मिळालं. अनोळखी पुरुष, वय अंदाजे साठ, दाढी वाढलेली, अंगात निळा शर्ट. आणि खाली, सुवाच्य अक्षरात, उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत जुन्या भाजल्याचा लांबट डाग, डागात एक तीळ.

टपरीवाल्याचा जबाब जोडलेला होता. तुम्ही तीन दिवस तिथे उभे होतात. गाड्यांना हात करायचात. तो बसायला सांगायचा, चहापाव द्यायचा. पावसात भिजलात म्हणून त्यानेच आपला निळा शर्ट दिला. घर विचारलं की तुमचं एकच उत्तर, "ड्युटीवर आहे. रिलीव्हर आला की जातो." त्याला वाटलं, म्हातारा भ्रमिष्ट आहे. खरोखरीचा पोलीस असेल असं त्याच्या मनात कशाला येईल? मी एसटीतून गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही तिथे कोसळलात. ठाण्याने सगळं नियमाने केलं. संदेश सगळीकडे पाठवला, मुलुंडलाही आला. तिथे माझ्या फॉर्मशी ताडून बघितला गेला. वय जुळेना, कपडे जुळेनात, दाढी जुळेना, आणि खूण तर आमच्याकडे काही नाहीच. बाजूला ठेवला. तुम्ही आठ दिवस शवागारात होतात. त्यातले शेवटचे चार दिवस मी मुलुंडला घरी फोनपाशी बसून होते. मग त्यांनी तुम्हाला नेलं. ज्याने नेलं तो शिपाई मला म्हणाला, "मॅडम, मी पाणी घातलं तोंडात. आमच्यात पद्धत आहे, ज्याचा असेल त्याच्या नावाने. जुन्या लोकांनी घालून दिलीय." मी त्याला विचारलं नाही की कोणत्या जुन्या लोकांनी. कदाचित ती तुमचीच असेल. कदाचित सगळीकडेच करत असतील. मी त्याचे हात धरून खूप रडले, एवढं मला आठवतं.

पुढे चौकशी झाली. ती मी मागितली नव्हती हे खरं, आणि थांबवली नाही हेही खरं. फौजदार बाईच्या वडिलांना बेवारस म्हणून जाळलं, गोष्ट वरपर्यंत गेली. मुलुंडच्या त्या हवालदारांना आणि मला एका मोठ्या अधिकाऱ्यांपुढे बोलावलं. मला खुर्ची दिली. ते उभे. अधिकाऱ्यांनी फॉर्म टेबलावर आपटला. "एवढा कोपरापर्यंत डाग, आणि तुम्ही लिहिता काही नाही? बाई दुःखात होत्या. विचारायचं काम तुमचं. विचारलं होतं का?" खोलीतला पंखा कुरकुरत होता. हवालदारांनी माझ्याकडे एकदा बघितलं. रागाने नाही. तुम्ही मयताच्या घरी निरोप घेऊन जायचात तेव्हा दारात उभे राहून जसे बघायचात, तसं. मग ते म्हणाले, "नाही साहेब. विचारायचं राहिलं. चूक झाली." मला वाटलं, आता मी बोलेन. तोंड उघडलंसुद्धा. अधिकाऱ्यांना वाटलं मला रडू येतंय, त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. मी पाणी प्यायले. त्या माणसाच्या सर्व्हिस शीटवर लाल शेरा आला, बदली झाली, आणि निवृत्त होईपर्यंत ते हवालदारच राहिले. तुमच्यासारखेच.

मग मी मिसिंगचंच काम मागून घेतलं. लोक म्हणाले, बापाच्या दुःखाने झपाटली आहे, आणि ते खोटं नव्हतं. मी तिसऱ्यांदा विचारते. शिव्या खाते. बरीच माणसं घरी पोचली, अण्णा, हे मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. एक मुकी बाई तिच्या हनुवटीवरच्या गोंदणावरून पोचली, एक मुलगी दुधाचा दात पुढचा की मागचा पडलाय यावरून. खात्याने प्रशस्तिपत्र दिलं, नव्या पोरींना शिकवायला बोलवायला लागले. आणि तिथे मी ते उदाहरण सांगायला लागले. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा वाटलं होतं, निदान इथे खरं सांगू. पण तोंडातून आलं ते असं, की एका ठाण्यात एका लिहिणाऱ्याने कंटाळा केला, विचारलं नाही, आणि लिहिलं काही नाही. मग तुमचं मरण सांगते. पोरी रडतात. मीही रडते, ते नाटक नसतं. टाळ्या वाजतात. त्या माणसाचं नाव मी कधी घेतलं नाही, आणि याला मी इतकी वर्षं माझा चांगुलपणा समजत होते. तुम्ही असतात तर घास हातात धरून माझ्याकडे नुसते बघत राहिला असतात.

पुस्तिकेत ते उदाहरण घालायचं नाही एवढं मी ठरवलंय. खरं घालायचं की नाही, ते ठरत नाही. निवृत्तीला आलेल्या बाईचं कोण काय वाकडं करणार आहे? भीती त्याची नाही. ते हवालदार आता इथेच मुलुंडला राहतात, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, मंडईच्या अलीकडच्या गल्लीत. तळमजला आहे. सकाळी दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचतात, चष्म्याला अजून दोरी आहे. मी एकदा लांबून बघितलंय. मी गेले तर ते काय करतील ते मला पक्कं ठाऊक आहे. उठून उभे राहतील, "या मॅडम" म्हणतील, खुर्ची मला देतील आणि स्वतः भिंतीशी उभे राहतील, हात मागे बांधून. मी कितीही सांगितलं तरी बसणार नाहीत. शिव्या दिल्या तर मी खाईन, त्या खायला तुम्ही शिकवलंय. पण ते देणार नाहीत.

हे पत्र पाठवायचं कुठे? आईचा एक पत्र्याचा डबा आहे, त्यात तुमचा पट्टा आहे आणि तो निळा शर्ट. त्यात ठेवीन. मंडईला जायचा सरळ रस्ता त्या हवालदारांच्या दारावरून जातो. ते इथे राहायला आल्यापासून मी मोठा वळसा घालून भाजी आणते, गुडघे बोलायला लागले तरी. आज सकाळी मनाशी सगळं ठरवून निघाले होते. नीट साडी नेसले होते. गल्लीच्या तोंडाशी गेले, ते बसलेले दिसले, पेपर मांडीवर होता. मी थोडा वेळ उभी राहिले, आणि मग वळसा घालून जाऊन मेथीची जुडी घेऊन आले.